जुलैत शिडाच्या बोटीतून जायचं आहे, त्याबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. समोर नकाशा नसला की मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे.

बाबा, आधी तुमचं बघू. एवढं आलोच आहोत तर ऑन्टारियो सरोवर ओलांडून अमेरिकेच्या काठाला जाऊन येऊ, असं तुम्ही म्हणालात. ते या वेळी नको. सरोवर 311 किलोमीटर लांब आणि 85 किलोमीटर रुंद आहे. शिडाची बोट ताशी पाच सागरी मैल चालली, म्हणजे नऊ-सव्वानऊ किलोमीटर, तर मधून ओलांडायला नऊ-दहा तास लागतात. आभाळ फिरलं तर शिरायला जवळ एकही बंदर नाही. उन्हाळ्यात वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो. तो सरोवराच्या लांबीवरून पाणी ढकलत येतो आणि पूर्वेच्या टोकाला, म्हणजे आपण असू तिकडेच, लाटा चढतात. या लाटा आखूड, उभ्या आणि एकीला लागून एक अशा येतात; धडधाकट माणसालाही त्या हैराण करतात. शिवाय तुमच्याकडे व्हिसा फक्त कॅनडाचा आहे. पलीकडच्या धक्क्याला बोट लागली की तिथल्या सीमाशुल्क खात्यापुढे हजर व्हावं लागतं, आणि व्हिसा नसेल तर तिथेच सगळं अडतं.

म्हणून आपण किंग्स्टनहून निघायचं आणि आडोशाच्या पाण्यातच राहायचं. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकच्या शिडाच्या शर्यती याच किंग्स्टनला झाल्या होत्या, इतका इथला वारा भरवशाचा. आधी पश्चिमेला ॲमहर्स्ट बेटाच्या आतल्या बाजूने क्विंटे उपसागरात शिरू. सरोवराचाच हा एक लांब, वाकडातिकडा हात आहे. दोन्हीकडे शेतं, आणि सरोवराची मोठी लाट आत येत नाही. पिक्टनला बोट बांधून टॅक्सीने ‘लेक ऑन द माउंटन’ला जाऊ. हे तळं क्विंटेच्या पाण्याहून 60 मीटर उंचावर आहे. रस्त्याच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खाली उपसागर आणि त्यात ये-जा करणारी ग्लेनोराची फेरीबोट. आई, तिथे तुला बाकावर बसून सगळं दिसेल, चढायचं काही नाही. मग किंग्स्टनला परत, एक दिवस पूर्ण आराम, आणि नंतर पूर्वेला थाउजंड आयलंड्स.

बाबा, तुमची कॅनडा-अमेरिका सीमारेषा तिथेच आहे. सरोवराचं पाणी सेंट लॉरेन्स नदीत उतरतं त्या तोंडाशी 1,800 हून जास्त बेटं आहेत. ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध मिटवणाऱ्या 1814 च्या गेंटच्या तहानंतर सीमा आखायला जो आयोग नेमला, त्याने 1822 मध्ये ठरवलं की कुठल्याही बेटाचे दोन तुकडे करायचे नाहीत. म्हणून ती रेघ बेटांना वळसे घालत जाते. झाविकॉन नावाची दोन चिमुकली बेटं एका पुलाने जोडलेली आहेत. एक कॅनडात, दुसरं अमेरिकेत, असं अजूनही कित्येक जण सांगतात. खरं तर दोन्ही कॅनडातच आहेत. बोटीवरच्या जीपीएसवर आपला ठिपका रेघ ओलांडताना तुम्हाला दिसेल. नांगर टाकला नाही, धक्क्याला लागलो नाही, दुसऱ्या बोटीला भिडलो नाही, तर पलीकडच्या पाण्यातून जाऊन परत यायला कुणाला कळवावं लागत नाही. तेव्हा हार्ट बेटावरचा बोल्ट कॅसल पाण्यातूनच बघू. जॉर्ज बोल्ट या हॉटेलवाल्याने तो बायकोसाठी बांधायला घेतला होता. 1904 मध्ये ती गेली आणि त्याने काम थांबवलं ते कायमचं.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. 1817 च्या रश-बॅगट करारात ठरलं की या सरोवरावर अमेरिकेने आणि तेव्हा कॅनडावर राज्य असलेल्या ब्रिटनने प्रत्येकी एकच लढाऊ जहाज ठेवायचं, शंभर टनांपर्यंतचं, आणि त्यावर एकच तोफ. त्याच्या चारच वर्षं आधी याच पाण्यावर दोघं लढत होते. आता सरोवरातून किती पाणी सोडायचं हेसुद्धा 1909 च्या करारातून निघालेला कॅनडा-अमेरिकेचा संयुक्त आयोग बघतो, आणि ते सुटतं कॉर्नवॉलजवळच्या मोझेस-सॉन्डर्स धरणातून. धरणाचा अर्धा भाग कॅनडात, अर्धा अमेरिकेत, दोघांची सोळा-सोळा जनित्रं. 2019 च्या जूनमध्ये सरोवर समुद्रसपाटीपासून 75.92 मीटरवर गेलं, तोवरची सगळ्यात जास्त पातळी. काठची घरं पाण्यात गेली, आणि जास्त सोडावं तर खाली मॉन्ट्रियल बुडतं. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात हाच हिशोब केलेल्या माणसाला हे धरण दाखवल्याशिवाय मी परत पाठवणार नाही. बोटीचा प्रवास झाला की गाडीने जाऊ.

आई, आता तुझ्याशी. बोट कलते आणि मग उलटते, अशी भीती तू बोलून दाखवलीस ते बरं केलंस. शिडाची बोट वाऱ्याने कलतेच, कलायलाच हवी. पण तिच्या पोटाखाली कील असतो, शिशाचा किंवा लोखंडाचा. टनभराहून जास्त वजन नुसतं खाली लटकलेलं. वारा जितकी आडवी करतो तितकं ते वजन तिला उभी करायला ओढतं, बुडाशी जड असलेल्या बाहुलीसारखं. तुम्ही दोघं असताना मी शीड आधीच कमी करून ठेवणार आहे. वेळ थोडा जास्त लागेल, लागू दे.

चढता-उतरतानाच खरं सांभाळायचं असतं. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना कडेची बारीक तार धरायची नाही, ती हलते. डोलकाठीला ताणून बांधलेली जाड तार असते, ती धरायची. ती हलत नाही. आधी तिच्यावर हाताची पकड, मग पाऊल, आणि हातात पिशवी नको. केबिनमध्ये उतरायला शिडी आहे. ती घरातल्या जिन्यासारखी समोर बघत नाही, शिडीकडे तोंड करून उलटं उतरायची. तुझ्या गुडघ्यांना ते उलट सोपं जाईल, कारण दोन्ही हातांना आधार मिळतो. संडास आतच आहे, हातपंपाचा, मी शिकवेन. लाइफ जॅकेट बोट चालू असताना सगळ्यांच्या अंगावर, बाबांच्यासुद्धा. पाणी वरवर ऊबदार वाटलं तरी इथे वारा फिरला की खालचं थंड पाणी एका रात्रीत वर येतं.

रोज पहाटे रेडिओवर हवामान ऐकायचं. सकाळी पाणी शांत असतं तेव्हा निघायचं आणि दुपारी वारा चढायच्या आत बोट बांधायची. जोरदार वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी निघायचंच नाही, म्हणून आठवड्यात दोन दिवस मोकळे ठेवलेत. संध्याकाळ मोठी मिळेल. जुलैत सूर्य साडेआठनंतर मावळतो.

बाबांना काम नेमून दिलंय. बेटांमध्ये पाण्याखाली ग्रॅनाइटचे खडक आहेत, म्हणून वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या मधूनच जावं लागतं. किंग्स्टनहून खाली जाताना लाल खूण डावीकडे, परत येताना उजवीकडे. दुर्बीण घेऊन पुढची खूण तुम्ही शोधायची आणि मला ओरडून सांगायची. मला चष्म्यातून सुकाणू, नकाशा आणि शीड एकाच वेळी जमत नाही, दुसरे डोळे हवेतच.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. दोघांच्या औषधांची यादी, गोळीच्या मूळ नावासकट. औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत भरा, एक बोटीवर आणि एक घरी राहील. पांढऱ्या तळव्याचे, न घसरणारे बूट घ्या. काळ्या तळव्याचे डाग पडतात. आणि आई, तुझं उत्तर. बोट अजून नक्की केलेली नाही. तू नको म्हणालीस तर किंग्स्टनला घर घेऊन राहू आणि रोज दोन-तीन तास फेरीबोटीने फिरू, त्यातही मला तेवढाच आनंद आहे. बाबांच्या भिडेखातर हो म्हणू नकोस. रविवारी फोन करते, तेव्हा फक्त तुझ्याशी आधी बोलेन.

तुमची,
धाकटी