मंजिष्ठेच्या कापडाचा ड्रेस : शिवणाऱ्या मावशींना उघडं आभारपत्र

ती. मावशी,
शि. सा. न. वि. वि.

ड्रेस झाला. गुडघ्याखाली येणारा, ए-लाइन, गोल गळा, पाऊण बाही, दोन्ही बाजूंना खिसे. तुम्ही पाहिलंत तेव्हा ते मंजिष्ठेच्या मुळांनी घरी रंगवलेलं नुसतं विटकरी कापड होतं, आता त्याला खांदे आहेत. आभार घरी येऊन मानूच. पण तुम्ही सांगितलेलं घरी कापड रंगवणाऱ्या कुणालाही लागणार आहे, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

रंगवणं हे एक काम आणि शिवणं हे दुसरं, अशीच सगळ्यांची समजूत असते. तुम्ही कापड हातात घेतलंत, खिडकीकडे धरलंत आणि विचारलंत, "वाळवलं कशावर?" गळा, बाही, उंची यांचं नाव नंतर. शिंप्याच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या तक्रारी रंगाच्या पातेल्यात जन्मलेल्या असतात, हे त्या एका प्रश्नात आलं.

वाळवलं होतं बाल्कनीतल्या लोखंडी तारेवर. रंग धरावा म्हणून कापडाला आधी हिरडा दिलेला. त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळी शाई तयार होते. अजरख या कच्छच्या ठशांच्या छपाईतला काळा रंग याच मेळातून येतो. त्यासाठी लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात मुद्दाम आंबवत ठेवतात. तिथे ते हवं असतं, आपल्या ड्रेसवर नको असतं. तारेचा गंज, गंजकी टाचणी, जुन्या वाफेच्या इस्त्रीतून पडणारा तपकिरी थेंब, तळ खरवडलेलं लोखंडी पातेलं, यांतलं काहीही चालत नाही. २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढलं, तेव्हा तिथल्या खत्री कारागिरांनी अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. पाण्यातल्या लोहापायी गाव हलतं, तिथे टाचणीचं काय घेऊन बसायचं!

तारेने कापडावर पडलेला करडा डाग लिंबाने काढायचा मोह होतो. तुम्ही वेळीच हात धरलात. लिंबू गंज काढतं, पण सोबत रंग धरून ठेवणारी तुरटी आणि रंगही ओढून नेतं आणि करड्या ठिपक्याच्या जागी फिका, पिवळट ठिपका उरतो. डाग तसाच ठेवून कागदी साचा असा फिरवायचा, की तो खालच्या दुमडीत किंवा खिशाच्या आतल्या बाजूला जाईल. तुम्ही तेच केलंत. तारेची अख्खी रेघ दुमडीत गेली. टाचण्या आता पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच, आणि त्याही फक्त शिलाईच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडात.

इतरांसाठी हिशेब मांडून ठेवतो. ४४ इंची पन्ह्याचं केंब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) साडेतीन मीटर घ्यावं. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ११४ सेंटिमीटर (शिवून उंची १०७, बाकी दुमड आणि माया), बाह्यांना ४५, खिसे आणि उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्ट्यांना ३५. बेरीज तीन मीटरच्या थोडी वर जाते. उरलेलं आटण्यात आणि रंगाच्या चाचणीच्या तुकड्यांत जातं. एवढं कापड कोरडं असताना साधारण ४०० ग्रॅम भरतं, पण अंदाजावर न जाता काट्यावर तोलावं, कारण पुढची सगळी मापं त्या वजनावर ठरतात.

आधी खळ काढायची. १२ लिटर पाण्यात १२ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं, मग स्वच्छ पाण्यातून काढायचं. सोडा ॲल्युमिनियम खातो, म्हणून पातेलं स्टीलचं, निदान २० लिटरचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही. खळ गेली का ते पाण्याच्या थेंबाने कळतं : थेंब पडताच शोषला गेला पाहिजे. वर मोत्यासारखा बसला, तर पुन्हा उकळा. ही पायरी घाईत, अर्धवट उरकली की ढगाळ, डागाळ रंग येतो आणि दोष मंजिष्ठेला दिला जातो.

मग ६० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, कापड त्यात रात्रभर. पिळून, न धुता सावलीत, नायलॉनच्या दोरीवर वाळवायचं. उन्हात नको, कारण हिरडा उन्हाने गडद होतो आणि घडीवर, दोरीवर पट्टे उमटतात. त्यानंतर ६० ग्रॅम तुरटी. ती गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच मोठ्या पाण्यात घालावी. खडे राहिले तर तिथे तिथे गडद ठिपके येतात. परत रात्रभर भिजवून, वाळवून, हलकं खळबळून घ्यायचं. मंजिष्ठा कापडाच्या वजनाइतकी, म्हणजे ४०० ग्रॅम, आदल्या रात्री भिजवून मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली. मोकळी पूड घातली तर कण कापडाला चिकटून तपकिरी शिंतोडे उठतात. ओलं केलेलं कापड घालून हळूहळू ६० ते ६५ अंशांपर्यंत न्यायचं आणि तासभर हलवत राहायचं. उकळू द्यायचं नाही, उकळीने लाल रंग तपकिरीकडे झुकू शकतो. बोअरचं जड पाणी असेल तर इथे फायदाच होतो, त्यातला चुना लाल खुलवतो. मात्र ते बोअर लोहाचं नसावं.

ही झाली रंगाऱ्याची बाजू. आता तुमची.

तुमचं दुसरं वाक्य होतं, "अजून एकदा धुवा, मग कात्री." आमचा युक्तिवाद असा, की एवढ्या गरम पाण्यांतून गेलेलं कापड आता काय आटणार! पण ओलं, जड कापड दोरीवर लोंबत वाळलं की स्वतःच्या वजनाने उभं ताणलं जातं. ते ताणलेलं मापच आपण कापतो, आणि पहिल्या धुण्यात ते परत जागेवर येतं. कोमट पाण्यात अर्धा तास सुटं सोडून, न पिळता, चटईवर आडवं वाळवलं तेव्हा तीन मीटरमागे ४ सेंटिमीटर आत आलं. एका उंचीच्या भागात तो फरक दीड सेंटिमीटरचा होतो. त्याने एक वेळ बिघडत नाही. बिघडतं ते तिरपं झालेल्या कापडाने. गरम कापड पिळताना आडवे धागे उभ्यांशी काटकोनात राहत नाहीत. तसंच कापलं तर दोन धुण्यांनंतर बाजूची शिलाई फिरत फिरत मांडीवर येते, आणि मग कितीही इस्त्री करा. एका टोकाला आडवा धागा ओढून त्या रेघेवर कापायचं, कापड किंचित दमट असताना विरुद्ध कोपरे धरून तिरकं खेचायचं, आणि टेबलाच्या कडेला लावून पाहायचं. दोघींचं काम आहे, एकटीने होत नाही.

कापड दुहेरी घडी घालून कापायचं नाही, हे तर सोनाराने कान टोचल्यासारखं झालं. गिरणीच्या कापडात आतल्या थरावर काय आहे ते पाहावं लागत नाही. हाताने रंगवलेल्यात आतल्या थरावरच नेमका फिका पट्टा निघतो आणि तो छातीवर येतो. म्हणून एकेरी, सुलटी बाजू वर, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली मंजिष्ठेतले भेद दिसत नाहीत. अर्ध्या साच्याचा पूर्ण साचा कागदावर काढून घ्यायचा. सगळ्यांत सारखा रंग पुढच्या वरच्या भागाला द्यायचा. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी काढायच्या, आणि सगळे साचे एकाच दिशेला, कारण पातेल्याच्या तळाशी राहिलेलं टोक बहुतेकदा गडद असतं. एक बाही उलटी कापली तर ती दुसऱ्या ड्रेसची वाटते. ठिगळासारखे डाग गळपट्टीत, खिशांत, दुमडीत जिरवायचे. दोन्ही काठ सेंटिमीटरभर कापून टाकायचे. ते घट्ट विणलेले असतात आणि शिलाईत घेतले तर कापड चुरमडतं.

खुणा कच्च्या पांढऱ्या धाग्याच्या. मेणाचा खडू इस्त्रीखाली वितळून कापडात उतरतो, आणि खूण पुसायला पाणी लावलं तर थेंबाच्या कडेने रंग सरकून वर्तुळ राहतं. इस्त्रीलाही शिंतोडे मारायचे नाहीत. दमट करायचं तर अख्खा भाग सारखा दमट, उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं घालून.

फिटिंग आधी जुन्या चादरीवर करून घ्यायला लावलंत, त्याचं कारण पहिली टीप उसवल्यावर कळतं. सुताच्या गाभ्यापर्यंत रंग पोचलेला नसतो. सुईने धागा सरकला की तिथे फिके ठिपके दिसतात, आणि उसवलेली रेघ बरेच दिवस दिसत राहते. मुंढ्याची खोली, छातीचं माप, खांद्याचा उतार हे सगळं चादरीवर ठरवायचं आणि खऱ्या कापडावर टीप एकदाच मारायची. सुई नवी, ११ किंवा १४ नंबरची. हिरडा-तुरटीने कापड थोडं करकरीत होतं आणि बोथट सुई त्यातला धागा ओढते. टाका अडीच मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला दहा.

बाजूच्या शिलाया फ्रेंच, म्हणजे कापलेली कड आत झाकणाऱ्या. उलट्या बाजू आतमध्ये एकमेकींना लावून ६ मिलिमीटरवर पहिली टीप, कडा ३ मिलिमीटरपर्यंत छाटून, कापड उलटवून ९ मिलिमीटरवर दुसरी. माया एकूण दीड सेंटिमीटर. मुंढ्याला मात्र ती जाड होऊन काखेत टोचते, तिथे उरेब पट्टीच बरी. गळा कापल्या कापल्या कडेपासून ५ मिलिमीटरवर, खांद्याकडून मध्याकडे, एक आधाराची टीप मारून घ्यायची. नाहीतर पुढचं शिवेपर्यंत गळा रुंदावतो. उरेब पट्टी साडेतीन सेंटिमीटर रुंद, त्याच कापडाची. गळपट्टीला चिकटवायची पेस्टिंग (ताठपणासाठीचं आतलं कापड) नको म्हणालात ते पटलं : फार तापलेली इस्त्री दाबून धरावी लागते, आणि तेवढ्या जागेचा रंग बाकीच्यांहून वेगळा दिसू लागतो. त्याऐवजी त्याच कापडाचा दुसरा थर. हुक तर नकोच, गंजतो. मागे नारळाच्या करवंटीचं एक बटण पुरतं.

अस्तराची मलमल मंजिष्ठेच्या उरलेल्या पाण्यातून काढली, तिला छान पीच रंग आला. अर्थात तिलाही आधी हिरडा आणि तुरटी दिली होती. पांढरं अस्तर घातलं असतं तर घामाने डागाळलं असतं.

धाग्यावरून मात्र आपलं जमलं नाही, आणि इथेही कबूल करत नाही. तुम्ही म्हणता पॉलिएस्टर, मजबूत असतो. खरं आहे. पण त्याचा रंग जसाच्या तसा राहतो आणि मंजिष्ठा प्रत्येक धुण्याला थोडी उतरते. वर्षभरात टीप गडद रेघेसारखी उठून दिसते. आतल्या शिलायांना तुमचा पॉलिएस्टर वापरलाय, गळ्यावर आणि दुमडीवर, जिथे टाका दिसतो तिथे, त्याच पातेल्यात रंगवलेला सुती धागा. रंग जुळवलाय तो दोनदा धुतलेल्या तुकड्याशी.

अंगात घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून पाहिलं. फिकट गुलाबी छटा आली, म्हणून रिठ्याच्या पाण्यात आणखी एकदा धुतलं. धुण्याचा सोडा किंवा कडक पावडर लावायची नाही, त्याने रंग जांभळट गुलाबीकडे जातो. वाळवणं उलटं करून, सावलीत. दोरीवर.

सोबत उरलेलं कापड पाठवतोय. दोनदा धुतलेलं आहे, धागा सरळ करून घेतलाय, गडद टोकाला पांढरा दोरा बांधलाय. त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त तुमच्या त्या जुन्या डब्यातल्या टाचण्या याला लावू नका.

आपल्या,
रंगाच्या पातेल्यापाशी बसणाऱ्या आम्ही