पुण्य जहाजांचे, बिल आमचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अर्थविषयक पानावर जहाज कंपन्यांच्या ऐच्छिक कार्बनकपातीचे कौतुक करणारा मोठा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. परंतु लेखकमहाशयांनी कंपन्यांची माहितीपत्रके मन लावून वाचली असली, तरी मालवाहतुकीचे बिल कधी हातात घेतलेले दिसत नाही. मी शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतो, पंपांची कास्टिंग जर्मनीला पाठवतो आणि अशी बिले नियमाने भरतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या फ्रेटच्या बिलात बंकर (म्हणजे जहाजाचे इंधन), टर्मिनल हाताळणी, सील, कागदपत्रे या नेहमीच्या ओळींखाली ‘हरित इंधन योगदान’ अशी एक नवी ओळ येऊ लागली. आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही मागितले नव्हते. माल पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटाला, म्हणजे फॉरवर्डरला, फोन केला, तर “साहेब, सगळ्यांनाच लागतंय,” एवढेच उत्तर मिळाले. मागोमाग एक प्रमाणपत्र आले. कोपऱ्यात हिरवे पान आणि खाली माझ्या कंटेनरमुळे वाचलेल्या कार्बनचा आकडा, तोही दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत काढलेला. इतका बारीक हिशेब करणाऱ्या कंपनीला माझा माल नेणाऱ्या बोटीने नक्की कोणते इंधन जाळले हेही ठाऊक असेल, अशा भाबड्या समजुतीने मी तशी लेखी विचारणा केली. उत्तर आले, की त्या बोटीने नेहमीचेच इंधन जाळले. जैवइंधन कंपनीच्या दुसऱ्या कोणत्या तरी बोटीत भरले गेले आणि त्याचे श्रेय हिशेबाने माझ्या नावे मांडण्यात आले.

ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तत्त्वतः तिच्यात खोट नाही, हे मी मान्य करतो. सगळ्या बंदरांत असे इंधन मिळत नाही, त्यामुळे जिथे मिळते तिथे भरायचे आणि श्रेय वाटून द्यायचे, हे समजण्यासारखे आहे. पण ते इंधन कोणत्या बंदरात, किती टन भरले, आणि तेच श्रेय आणखी कोणा निर्यातदाराला विकलेले नाही याची तपासणी कोणी केली, एवढे सांगायला कोणाचे काय जात होते? २०२३ पासून पाच हजार टनेजच्या वरील आंतरराष्ट्रीय मालवाहू बोटींना कार्बनच्या हिशेबाने ‘ए’ ते ‘ई’ अशी वार्षिक श्रेणी मिळते. माझा कंटेनर ज्या बोटीवर चढला तिची श्रेणी विचारली, तर ती ‘व्यावसायिक गोपनीयतेत’ बसते म्हणे. इकडे आमचा जर्मन ग्राहक किलोमागे वीज किती, भंगार किती, पिग आयर्न किती आणि भट्टी कोणत्या प्रकारची, हे सगळे विचारतो, आणि मी बारा महिन्यांची वीजबिले जोडून त्याला उत्तर देतो. आम्हाला गोपनीयतेची सोय नाही.

लेखात ज्या करारनाम्यांची यादी होती, ते सगळेच फोल आहेत असे मी म्हणणार नाही. जहाजांना कर्ज देणाऱ्या बँकांची ‘पोसायडन तत्त्वे’ २०१९ ची, जहाजे भाड्याने घेणाऱ्यांची ‘सी कार्गो चार्टर’ २०२० ची. त्यांत सही करणारे दरवर्षी आपले कार्बनचे आकडे जाहीर करतात आणि एकूणात आपण लक्ष्याच्या मागे आहोत, हेही स्वतःच छापतात. एवढा प्रामाणिकपणा लेखात उतरला असता तर बरे झाले असते. २०१८ मध्ये जहाजवाहतुकीतून सुमारे १०७.६ कोटी टन हरितगृह वायू बाहेर पडले, म्हणजे मानवनिर्मित उत्सर्जनाच्या जवळजवळ तीन टक्के. एवढे ओझे सह्यांच्या समारंभाने हलत नसते.

स्वेच्छेने काम होते ते पदरात काही पडत असेल तेव्हा. अमेरिकेतील लाँग बीच बंदराने २००५ पासून किनाऱ्याजवळ १२ नॉटच्या (ताशी १२ सागरी मैलांच्या) आत वेग ठेवणाऱ्या बोटींना शुल्कात सवलत दिली आणि बहुतेक बोटी मुकाट्याने हळू येऊ लागल्या. वेग दहा टक्के कमी केला की इंजिनाला लागणारी शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणूनच २००८ च्या मंदीनंतर कंपन्यांनी बोटी हळू हाकल्या. त्या वेळी तेल वाचवायचे होते, पृथ्वी नव्हे. पुढे तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, तेव्हा वाया गेलेले दिवस भरून काढायला त्याच कंपन्यांनी वेग वाढवला. बोटी वळवल्या याबद्दल तक्रार नाही, खलाशांच्या जिवाचा प्रश्न होता. मात्र त्या काळातही जाहिरातींतला हिरवा रंग तसूभर फिका झाला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पैसे घ्यायचेच असतील तर ते नियमाने आणि सगळ्यांकडून सारखे घ्यावेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा तसा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला होता, आणि मर्यादेबाहेरच्या उत्सर्जनावर टनामागे १०० व ३८० डॉलर असे दोन दर त्यात ठरले होते. ऑक्टोबरमध्ये तो अंतिम स्वीकृतीसाठी आला, तेव्हा ५७ विरुद्ध ४९ मतांनी तो वर्षभर पुढे ढकलला गेला. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आराखड्याला पाठिंबा दिला होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. असे शुल्क लागू झाले, तर त्याचाही भार शेवटी आमच्याच बिलात येणार, हे मी धरून चाललो आहे; पण तेव्हा दर छापील असेल आणि दाद कोणाकडे मागायची हे तरी ठाऊक असेल. आज ‘ऐच्छिक’ म्हणवणारी ती ओळ बिलातून वगळा असे कळवले, तर ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ असे उत्तर येते.

जाता जाता आणखी एक. आमचा कंटेनर समुद्र पाहण्याआधी न्हावा-शेवापर्यंत डिझेलवर जातो, आणि कागल ते सातारा महामार्गाच्या रखडलेल्या कामात तासन् तास इंजिन चालू ठेवून उभा राहतो. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्ग झाला असता, तर कोकणातले बंदर आम्हाला जवळ आले असते आणि त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राचीही गरज पडली नसती. आपल्या वार्ताहराने एकदा त्या मार्गाची फाईल कुठे अडली आहे याचा शोध घ्यावा, आणि त्याच फेरीत एखाद्या जहाज कंपनीच्या मुंबई कार्यालयात जाऊन त्यांच्या बोटींच्या श्रेण्याही मागून पाहाव्यात. मला मिळाल्या नाहीत; वर्तमानपत्राला कदाचित मिळतील.

आपला,
एक लघुउद्योजक व निर्यातदार,
शिरोली, कोल्हापूर