गुरुवारची गोळी : आमच्या मेडिकलच्या ताईंना

ताई,

सविनय नमस्कार.

हे पत्र घडी घालून तुमच्या काउंटरवर ठेवायचं आणि निघून यायचं, असं ठरवलं होतं. मग वाटलं, उघडच लिहावं. मी जशी पुडी लपवून तुमच्यासमोर उभी होते, तशी आजही कुणीतरी बाई कुठल्या तरी मेडिकलपुढे उभी असेल. तिने हे वाचावं आणि काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्यांनीही वाचावं.

तुम्ही मला ओळखता ती ब्लाउज शिवणारी वहिनी म्हणून. कराडला आले तेव्हापासून मशीन हीच माझी कमाई आणि हीच माझी ओळख. 2018 च्या पावसाळ्यात माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली. एका हाताची नव्हे, दोन्ही हातांची, आणि तीच ती पेरं. उठल्यावर दीड-दोन तास दुधाचं पातेलं उचलवत नव्हतं. कात्री धरली तर मिटत नव्हती. गिऱ्हाइकाचं कापड समोर पसरून मी नुसती बसून राहायचे आणि लेकीला म्हणायचे, खडूच्या रेघेवरून तूच काप. निर्गुडीचं तेल झालं, लेप झाले, दुखणं थांबवायच्या गोळ्या झाल्या. मग नात्यातल्या एकांनी एका माणसाचा पत्ता दिला. त्याचं नाव आणि गाव मी इथे लिहिणार नाही. तो महिन्याच्या पुड्या बांधून द्यायचा, ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणायचा आणि कागदावर एक अक्षर लिहायचा नाही.

तिसऱ्या दिवशी माझी बोटं उघडली.

लोक विचारतात, शिकलेली बाई असून तू फसलीस कशी? त्यांना त्या तिसऱ्या दिवसाची कल्पना नाही. चार महिन्यांनी मी स्वतःच्या हाताने वेणी घातली. त्या दिवाळीला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवली. त्या माणसाला मी मनोमन हात जोडले होते.

पुढच्या दहा महिन्यांत माझा चेहरा भाकरीसारखा गोल झाला. अंगाला सूज आली, जरा कुठे लागलं की काळानिळा डाग पडायचा. साखर वाढली. साखरेच्या डॉक्टरांना मी पुड्यांचं बोलले नाही. त्यांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आले. त्याच्या आठवडाभर आधी तुमच्या ब्लाउजचं माप घेताना माझी बाही वर सरकली होती आणि दंडावरचे डाग तुम्ही पाहिले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलंत, “वहिनी, आणखी काही चालू आहे का? गावठी, आयुर्वेदिक, कुणी हातात दिलेलं?”

मी नाही म्हणाले. तुम्ही गोळ्या दिल्यात, पैसे घेतलेत आणि एवढंच म्हणालात, “आठवलं तर या. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून पुडी घेऊन आले. तुम्ही रागवाल म्हणून रात्रभर झोप नव्हती. तुम्ही पुडी उघडलीत, पुन्हा घडी घातलीत आणि म्हणालात, “नुसतं बघून यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण तुमचा चेहरा, साखर आणि हे डाग बघून मला स्टेरॉइडची शंका येते.” मला काय चढलं कोण जाणे, मी ती पुडी तिथेच गटारात टाकायला निघाले. तुम्ही माझं मनगट धरलंत. “एकदम बंद करायचं नाही. जीवावर बेतेल.”

मग तुम्ही ते मला माझ्या भाषेत समजावलंत. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी हे रसायन रोज थोडं थोडं तयार करतात. बाहेरून महिनोन्‌महिने मिळायला लागलं की त्या आपलं काम सोडतात. “पायमशीनला मोटर लावली की पायाची सवय जाते ना, तसं. मोटर हळूहळू काढायची, पायाला पुन्हा सवय लागू द्यायची.” एकदम थांबवलं तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. त्याच संध्याकाळी तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवलंत. पुडीत किती होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या जागी मोजक्या मात्रेची गोळी दिली आणि कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांचा नंबर घेऊन दिला. मी चिडून पुडी गटारात टाकली असती आणि घरी जाऊन गप्प पडून राहिले असते, तर आज कोण जाणे काय झालं असतं. ताई, माझे सगळ्यात मोठे आभार त्या मनगट धरण्याचे आहेत.

आणि एक. तुम्ही मला वेडी ठरवलं नाहीत. 1948 साली अमेरिकेत डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा कॉर्टिसोन, म्हणजे याच जातीचं स्टेरॉइड, दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, आणि 1950 साली त्या कामाला नोबेल मिळालं, हे तुम्हीच मला सांगितलंत. दुष्परिणाम नंतर कळले. “तुम्हाला आराम पडला तो खरा होता वहिनी. औषध काय आहे, किती आहे, ते तुमच्यापासून लपवलं, गुन्हा तो.” या वाक्याने माझी मान वर झाली. खऱ्या वैद्यांना मी यात ओढत नाही. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, काय देतात ते नाव घालून लिहून देतात. त्या पुडीवर नावच नव्हतं.

कोल्हापूरला रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले. या रोगाची रक्तातली खूण, अँटी-सीसीपी, भरपूर वाढलेली निघाली. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर हा शब्द मला लगेच कळला. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर तेच औषध विष होतं, रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, जीव जाऊ शकतो. तुम्ही पाकिटावर लाल मार्करने मोठं ‘गुरुवार’ लिहिलंत. चारच आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. सासूबाई माझ्या गोळ्यांची डबी भरतात हे कळल्यावर त्यांनाही दुकानात बोलावून घेतलंत. त्यांनी प्रेमापोटी रोजच्या कप्प्यात एकेक टाकायला घेतलीच होती, हे त्यांनी तुमच्यासमोर कबूल केलं तेव्हा माझ्या पायांतलं बळच गेलं.

त्यानंतर दर गुरुवारी रात्री साडेआठला तुमचा फोन. “आज गुरुवार.” शुक्रवारी फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी. शुक्रवारी मळमळीने मी लोळत पडायचे. एकदा कंटाळून तुम्हाला म्हणाले, ही आणखी एक गोळी कशाला? तेव्हा तुम्ही ल्युसी विल्स या डॉक्टरबाईंची हकीकत सांगितलीत. 1928 साली त्या इंग्लंडहून मुंबईला आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का कमी होतं याचा शोध घेऊ लागल्या. यीस्टचा अर्क, मार्माइट, देऊन त्यांनी त्या बायकांना बरं केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं हेच फॉलिक अ‍ॅसिड. मेथोट्रेक्सेट शरीरात त्याचीच वाट अडवतं, म्हणून ते वरून द्यावं लागतं. माझी आजी परळच्या चाळीत वाढलेली. तिच्या आईच्या वेळच्या गिरणीतल्या बायकांमुळे ही गोळी माझ्या हातात आली, असं त्या दिवशी वाटलं आणि ती पिवळी गोळी मी पुन्हा कधी चुकवली नाही.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

स्टेरॉइडची मात्रा उतरवत आणली तशी सगळी दुखणी परत आली. नवं औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हीही सांगितलं होतं, पण रात्री तीन वाजता आठवडे मोजवत नाहीत. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी घरात कुणी नसताना मी पर्समध्ये पैसे टाकून एसटी स्टँडवर गेले. त्या माणसाच्या गावाची शेवटची गाडी फलाटाला लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला होता. गुडघा वर उचलेना म्हणून दांडा धरून उभी होते आणि मागचे लोक ओरडत होते. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. साडेआठ. “वहिनी, आज गुरुवार. घेतली का?” मी म्हणाले, “घेते.” तुम्ही म्हणालात, “आवाज येतोय मागे, कुठे आहात?” मी म्हणाले, “बाजारात.” गाडी गेली. मी स्टँडवरच बाटलीतल्या पाण्याबरोबर त्या गुरुवारची गोळी घेतली. पाकीट पर्समध्ये कसं होतं ते मलाही आठवत नाही. त्या दिवशी मी तुमच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलले. आज त्याची माफी मागते.

फेब्रुवारीत एका सकाळी मी लेकीला हाक न मारता अस्तर कापलं. कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आणि लगेच मार्च. 2020 चा मार्च कुणी विसरणार नाही. करोनावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालतं अशी हवा झाली आणि ज्यांना त्याची गरज नव्हती ते लोक पाकिटंच्या पाकिटं मागायला लागले. आमच्यासारख्या आमवाताच्या आणि ल्युपस नावाच्या तशाच आजाराच्या रुग्णांना गोळी मिळेना. मोठमोठ्या ओळखीची माणसं तुमच्या दारात आली होती, हे मला शेजारच्या किराणावाल्यांनी नंतर सांगितलं. तुम्ही प्रत्येकाकडे डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीत आणि जुन्या रुग्णांची पाकिटं नावं लिहून वेगळ्या खोक्यात ठेवलीत. टाळेबंदीत स्कूटीवरून येऊन माझं पाकीट फाटकाला अडकवून गेलात. मी खिडकीतून हात हलवला. सरळ बोटांनी हलवला, ते तुम्ही पाहिलंत का?

लोक विचारतात, बरी झालीस का? याचं उत्तर द्यायला मला वेळ लागतो. रोग गेलेला नाही. उजव्या हाताचं मधलं बोट थोडं वाकडं राहिलं आहे, ते राहणार. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, यकृत आणि पेशी बघायच्या, वर्षातून एकदा डोळे. पण स्टेरॉइड सुटलं, साखर उतरली, चेहरा माझा मला परत मिळाला. बाही जोडते, हुक लावते, काजं करते. एका दिवसात दोनच ब्लाउज घेते, तिसरा मागितला तर उद्या या म्हणते. मी याला बरं होणं म्हणते.

तुमच्या शिलाईचे पैसे घेणार नाही म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्या मशीनवर पैसे ठेवून गेलात, म्हणून तो विषय आता काढत नाही. पण तुमच्या पांढऱ्या कोटाचा डावा खिसा खालून उसवलाय, तुम्ही त्यात मार्कर ठेवता आणि तो सारखा खाली पडतो. पुढच्या गुरुवारी दोनच्या सुमारास गोळ्या न्यायला येईन. कोट काढून ठेवा, सुईदोरा माझ्याजवळ असतो.

तुमची,
शिलाईवाली वहिनी