परतलेल्यांनाही आधार हवा

सन्माननीय संपादक महोदय,

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींविषयी आता वर्तमानपत्रांतून आस्थेने लिहिले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र संप्रेरके (हार्मोन्स) किंवा शस्त्रक्रिया यांचा मार्ग स्वीकारून काही वर्षांनी तो सोडणाऱ्या, म्हणजे डिट्रान्झिशन करणाऱ्या व्यक्तींच्या मनाची दखल क्वचितच घेतली जाते. आमच्या नात्यातील एक मुलगी या अवस्थेतून जात आहे आणि तिच्या संमतीनेच हे पत्र लिहीत आहे.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणे थांबवल्यावर मासिक पाळी बहुधा पुन्हा सुरू होते, अंगावरच्या चरबीची ठेवणही हळूहळू बदलते. परंतु जाड झालेला आवाज पूर्ववत होत नाही, दाढीचे केस आपोआप जात नाहीत आणि शस्त्रक्रियेने काढलेले स्तन परत येत नाहीत. फोनवर तिला समोरून ‘भाई’ अशीच हाक येते. हळदीकुंकवाला गेली, तर तिने तोंड उघडताच बायका एकमेकींकडे पाहतात. त्यामुळे तिने जाणेच सोडले. पूर्वी आरशातले शरीर तिला आपले वाटत नव्हते आणि आता जे दिसते त्याच्याशी तिला नव्याने ओळख करून घ्यावी लागत आहे. त्यात गमावल्याचे दुःख आहे, स्वतःवरचा राग आहे, आणि ज्या मित्रमैत्रिणींनी कठीण काळात सांभाळले त्यांच्यासमोर कसे जावे हा संकोचही आहे.

घरच्यांना झालेला आनंद मी समजू शकते. पण ‘आली एकदाची ताळ्यावर’ असे म्हणत लगेच स्थळे पाहायला लागणे, जुने फोटो फाडून टाकणे, यामुळे ती अधिकच एकटी पडली. ती वर्षे तिने मनापासून जगली होती आणि ती पुसून टाकून तिला स्वस्थता लाभणार नाही. अशा व्यक्तींना पुढे करून पारलिंगी असणे हेच थोतांड ठरवू पाहणाऱ्यांविषयी तर मला विशेष खेद वाटतो. अमेरिकेत 2015 साली सुमारे 28 हजार पारलिंगी व्यक्तींची पाहणी झाली, तीत 8 टक्के लोकांनी कधी ना कधी माघार घेतल्याचे सांगितले. त्यांपैकी बहुतेकांची माघार तात्पुरती होती आणि सर्वाधिक सांगितले गेलेले कारण आईवडिलांचा दबाव हे होते. अर्थात जे कायमचे परतले आणि स्वतःला पारलिंगी म्हणवत नाहीत, त्यांचा आवाज त्या पाहणीत नाही, आणि नेमके त्यांनाच जायला जागा उरत नाही.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या, डिट्रान्झिशन केलेल्या 100 जणांच्या एका परदेशी अभ्यासात केवळ 24 टक्के लोकांनी आपण परतल्याचे उपचार करणाऱ्यांना कळवले होते. लाज आणि अविश्वास यांमुळे वैद्यकीय देखरेखच तुटते, हे मला फार गंभीर वाटते. कारण ज्यांचे अंडाशय किंवा वृषण काढलेले असतात, त्यांना संप्रेरके न मिळाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

पारलिंगी व्यक्तींसाठीच्या ‘गरिमा गृह’ या निवारागृहाचे उद्घाटन 25 नोव्हेंबर 2020 रोजी आपल्या बडोद्यातच झाले, आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याने शस्त्रक्रिया व संप्रेरकोपचारांच्या आधी आणि नंतरही समुपदेशनाची तरतूद केली. हे ‘नंतर’ परतणाऱ्यांपर्यंतही पोहोचावे. सयाजी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट एकत्र भेटतील असा एक ठरलेला दिवस असावा, आणि तिथे येणाऱ्याला ‘का केलेस’ आणि ‘का सोडलेस’ यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावरील समुपदेशकांनाही या विषयाचे प्रशिक्षण मिळावे. आपल्या वार्ताहरांनी संबंधित अधिकाऱ्यांना याबाबत विचारणा करावी, अशी नम्र विनंती आहे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे
(कुटुंबाच्या खासगीपणासाठी नाव प्रसिद्ध करू नये.)