'इन्फ्लॅमेबल' म्हणजे पेटणारेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये हंगामानंतरची दुरुस्ती चालू होती. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि त्यांच्यापासून चार हातांवर थिनरचा पाच लिटरचा डबा ठेवलेला मी पाहिला. तो ठेवणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. मी ओरडलो, तेव्हा डब्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, हे इन्फ्लॅमेबल आहे. 'इन' लागला की अर्थ उलटा होतो, तुम्हीच शिकवलं होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण, 'इनव्हिजिबल' म्हणजे अदृश्य, ही चाल खरीच आहे; परंतु 'इन्फ्लॅमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. 'पेटवणे' या अर्थाच्या 'इन्फ्लामारे' या लॅटिन क्रियापदातच तो आहे. त्यामुळे 'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल' या दोन्हींचा अर्थ सहज पेट घेणारे असाच होतो, आणि न पेटणाऱ्या पदार्थाला 'नॉनफ्लॅमेबल' म्हणतात. 'निर्धन', 'निर्जन' यांतला 'निर्' अभाव दाखवतो म्हणून 'निर्माण' किंवा 'निर्णय' यांतही अभाव आहे असे आपण कधी धरत नाही, कारण हे शब्द लहानपणापासून कानांवरून गेलेले असतात. परक्या भाषेत कामगाराला तो आधार नसतो. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचीही फसगत होऊ नये म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच 'फ्लॅमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला होता, आणि ज्वालेचे चित्र असलेल्या लाल चौकोनी पाटीवरही आज तोच शब्द असतो.

तरीही मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग जिथे मिळतात त्या धुळ्यात रस्त्याकडेला उभे राहिले, तर 'हायली इन्फ्लॅमेबल' लिहिलेले टँकर अजून दिसतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे 40 अंशांवरही ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे वैशाखात पारा 44 अंशांवर जातो. टँकर, डबे आणि पिंपे यांच्यावर ठळक मराठीत 'ज्वालाग्राही' किंवा त्याहून सोपे 'लगेच पेटते' असे लिहिणे बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपणही आगीच्या बातम्यांत इंग्रजी शब्द तसाच न छापता मराठी शब्द द्यावा.

त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी जिनिंगमधल्या सगळ्या डब्यांवर लाल ऑइलपेंटने 'पेटते, लांब ठेवा' असे स्वतःच्या हाताने लिहिले.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
अमळनेर