ढब्बूचे बदक आणि मिरचीचा खोका

इंदूर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. धाकटीने घरात दुसरे पिल्लू आणले आणि पहिल्याच आठवड्यात त्याने थोरल्या कुत्र्याच्या सगळ्या खेळण्यांचा फडशा पाडला, हे वाचून आम्ही दोघे आधी पोटभर हसलो आणि मग थोडा वेळ गप्प बसलो. कारण हेच नाटक तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी झाले होते आणि ते निस्तरायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले. 'घरातली खेळणी सरळ बंद करून टाकू का?' असे तू विचारले आहेस. तेवढे करू नकोस. आम्ही ते करून बसलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ढब्बूला तू ओळखतोसच. लॅब्रेडोर, आता नऊ वर्षांचा, वजन ३३ किलो आणि स्वभाव मुरांब्यासारखा. त्याच्या मागून कॉलनीच्या रस्त्यावरची गावठी कुत्री घरात आली, तेव्हा तिचे नाव मिरची ठेवण्याचा मोह कोणालाही आवरला नाही. तिचे वजन ढब्बूच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण ढब्बूने चार वर्षे तोंडात धरून मिरवलेले पिवळे बदक तिने माझा चहा संपायच्या आत उभे चिरले, त्यातला कापूस दिवाणखानाभर उडवला, दाबले की चूं वाजणारी प्लास्टिकची डबी बाहेर काढली, ती चावून मुकी केली आणि मग त्या सगळ्या पसाऱ्याकडे ढुंकूनही न पाहता निघून गेली.

तिचे ते निघून जाणे मला फार दिवस कळत नव्हते. आम्ही म्हणत होतो, कंटाळा असेल, राग असेल, ढब्बूचा मत्सर असेल. यातले काहीही नव्हते. शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते: हुंगून शोधणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे, फाडणे आणि खाणे. माणसाने निरनिराळ्या जातींची पैदास करताना या साखळीतल्या काही कड्या ठळक केल्या आणि काही पुसट केल्या. ढब्बूच्या पूर्वजांचे काम बंदुकीने पाडलेले पाणपक्षी पाण्यातून जसेच्या तसे मालकाच्या हाती आणून देण्याचे. म्हणजे त्याचे बदक मिरवणे हे अक्षरशः वंशपरंपरेचे काम आहे. मिरचीच्या वंशाला असे कोणी घडवलेले नाही, तिची साखळी शाबूत आहे. खेळण्याचा चूं आवाज तिला सावजाच्या चीत्कारासारखा वाटतो. आवाज थांबला की तिच्या लेखी काम संपले. हे समजल्यावर तिच्यावर ओरडणे मी सोडून दिले. ओरडून काही साधतही नव्हते.

मात्र या प्रकरणाची गंमत ज्या दिवशी संपली तो दिवस सांगतो. आमच्या इंदूरची चामड्याची खेळणी तू पाहिली आहेस. हत्ती, घोडे, उंट, हरणे. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांतला एक घोडा आईच्या काचेच्या कपाटात कित्येक वर्षे उभा होता. दसऱ्याच्या साफसफाईत तो खाली ठेवला आणि विसरला. मी खोलीत आलो तेव्हा मिरचीने घोड्याचे पोट उघडले होते. ही खेळणी कशी करतात ते ठाऊक असूनही त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आले नव्हते: आत तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा भराव आणि वरून चामडे. तारेचे एक टोक तिच्या हिरडीला लागून थोडे रक्त आले होते. मी घोड्याचे तुकडे गोळा करू लागलो, तशी आई म्हणाली, "घोडा मरू दे रे, त्या पोरीच्या तोंडात काय आहे ते आधी बघ." सुदैवाने गिळले काहीच नव्हते.

आमचे डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि मितभाषी आहेत. त्यांनी त्या दिवशी मला बसवून सांगितले की फाडणे हा आजार नाही, गिळणे हे संकट आहे. कापूस, प्लास्टिकची डबी, रबराचा तुकडा आतड्यात अडकू शकतो. सर्वांत वाईट म्हणजे दोरीचे सुटे धागे. धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे पुढे सरकत राहते आणि आतडे त्या धाग्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते, प्रसंगी कापलेही जाते. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढायचा नाही. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, शी न होणे, मलूल पडून राहणे, पोटाला हात लावू न देणे, यांतले काही दिसले तर 'उद्या बघू' म्हणू नकोस. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आमच्या गावात पावसाळ्यात फारच लागू पडते. भुट्ट्याचा कीस हा इकडचा जीव की प्राण. पण दाणे काढून उरलेले कणीस कुत्र्याच्या आतड्यात हमखास अडकणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. आंब्याची कोयही त्याच जातीची. आमच्याकडे किसणी चालू असेतोवर मिरची मागच्या अंगणात असते.

या भीतीपोटी आम्ही घरातली सारी खेळणी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. घर शांत झाले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी माझ्या ध्यानात आले की दाराची घंटा वाजली की ढब्बू माझी एक चप्पल तोंडात घेऊन पाहुण्यासमोर उभा राहतो. चावत नाही, पळवत नाही. नुसती धरून शेपूट हलवतो. घरी कोणी आले की त्याला तोंडात काहीतरी धरून स्वागत करायचे असते आणि त्याच्यापाशी आता धरायला काही उरले नव्हते. खोड्या मिरचीच्या आणि शिक्षा ढब्बूला, असा आमचा न्याय चालला होता. तुझ्या थोरल्याच्या बाबतीत मला हीच धास्ती वाटते, म्हणून इतके पाल्हाळ.

मग आम्ही खेळण्यांची वाटणी केली आणि ती अजून टिकून आहे. ढब्बूचे नवे बदक फडताळाच्या वरच्या कप्प्यात असते. संध्याकाळी ही मिरचीला फिरवायला नेते, तेवढा पाऊण तास बदक ढब्बूचे. त्या परतायच्या आधी मी पनीरचा तुकडा पुढे करतो, तो बदक माझ्या हातात देतो आणि बदक पुन्हा वर जाते. पाहुणे येणार असतील तर मिरची आतल्या खोलीत आणि बदक बाहेर. तोंडातली वस्तू हिसकावायची नाही, तिच्यामागे धावायचे तर मुळीच नाही. धावलास की कुत्र्याला तो खेळ वाटतो, आणि हिसकावलेस की पुढच्या वेळी ते वस्तू लपवते किंवा घाईने गिळते. 'सोड' म्हणायचे, तिच्याहून चांगले काही द्यायचे आणि जमले तर काढून घेतलेली वस्तूही परत द्यायची. मिरचीला हे शिकायला दीड महिना लागला. एकदा बदकावरून ढब्बू तिच्यावर गुरगुरला, तेव्हा ही त्याला रागावणार होती, मी थांबवले. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेवाचून दात लागतात.

आता मिरचीचा वाटा. कशानेही न तुटणाऱ्या खेळण्याच्या शोधात मी बराच पैसा घालवला आहे, तो तू घालवू नकोस. जे खरोखर तुटत नाही ते दात तोडते. शिंगे, खूर, सुकी हाडे, कडक नायलॉनची हाडे यांवर जोर लावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या एका कुत्र्याच्या तोंडात दाखवले. नख दाबून वण उमटत नसेल ती वस्तू चावायला द्यायची नाही, हा त्यांचा ठोकताळा. टेनिसच्या चेंडूची लव सुद्धा धूळ धरून कानशीसारखी दात झिजवते.

मिरचीला फाडायला आवडते, तर तिला फाडायलाच द्यायचे, हे शहाणपण हिचे. शेवेचे, मिठाईचे, औषधांचे पुठ्ठ्याचे खोके आम्ही साठवतो, चिकटपट्टी आणि पिना काढतो, आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत तिच्या जेवणातलेच मूठभर दाणे गुंडाळतो आणि खोका तिच्यापुढे ठेवतो. वीस मिनिटे ती मन लावून चिंध्या करते आणि नंतर निवांत झोपते. मात्र मी समोर बसलेला असतो, आणि पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ चालत नाही; तुझे पिल्लू गिळते की थुंकते, ते आधी नीट पाहा. (त्यानंतरचा केर हा वेगळा विषय. आमच्या गावात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, आणि फाटलेल्या बदकाचा कापूस कुठे, डबी कुठे, यावर आमच्याकडे गाडी येईपर्यंत वाद चालतो.)

दुसरी कामाची वस्तू म्हणजे आतून पोकळ रबरी काँग. १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करून घेत असे; ते गाडी दुरुस्त करीत असताना कुत्र्याने तिचा एक रबरी भाग उचलला आणि दगड सोडला, त्यावरून हे खेळणे निघाले. लाल साधे आणि काळे अधिक चिवट. पिल्लांसाठी मऊ वेगळे मिळते. मी आत दहीभात किंवा उकडलेले रताळे भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो. कांदा, लसूण, मनुका नकोत. शेंगदाण्याचे लोणी घातलेस तर डबीवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, लिहिलेले नाही ना, ते वाच. तो गोडवा कुत्र्याला विष आहे. आणि दोघांना दोन खोल्यांत द्यायचे, हे सांगायला नकोच.

आई तुझी आठवण काढते. घोड्याच्या जागी तिने कपाटात चामड्याचा हत्ती आणून ठेवला आहे आणि कपाटाला आता कुलूप आहे.

गणपतीला तू आणि वहिनी इकडे येत आहात, तर कुत्र्यांसाठी काय आणू, असे तू विचारलेस. ढब्बूसाठी बदक आण. डोळे बटणांचे नकोत, भरतकाम केलेले हवेत, आणि इतके मोठे हवे की घशाकडे सरकता कामा नये. मात्र ते मिरचीच्या देखत पिशवीतून काढू नकोस. मिरचीसाठी वेगळे काही आणायची गरज नाही. बदक ज्या खोक्यातून येईल तो खोका तेवढा वाटेत टाकून देऊ नकोस, तो तिचा.

तुझा,
नाना