अनाथ हत्तींच्या बाटलीतले दूध

महोदय,

केनियातील अनाथ हत्ती म्हटले, की बाटलीने दूध पिणाऱ्या पिलांची छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. पण त्या बाटलीत काय असते, हे फारसे कोणी विचारत नाही. गाईच्या दुधातील स्निग्धांश या पिलांना पचत नाही, त्यामुळे दूध पाजूनही ती दगावत. तिथे अशी अनाथ पिले वाढवणाऱ्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी अनेक वर्षे प्रयोग करून खोबरेल तेल घातलेले दूध तयार केले, तेव्हा कुठे ती जगू लागली. (आम्हा कोकणवासीयांना याचे कौतुक अंमळ अधिकच!) पती डेव्हिड यांच्या स्मरणार्थ १९७७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या नैरोबीतील संगोपनगृहात पिलांना दर तीन तासांनी, अगदी रात्रीही, दूध पाजले जाते, राखणदार त्यांच्याशेजारीच निजतात, मात्र एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून पाळीपाळीने पिलू बदलतात. पुढे केनियातल्याच त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या रानात नेल्यावर कळपात कधी मिसळायचे, हे ज्याचा तो हत्तीच ठरवतो आणि त्याला कित्येक वर्षे लागतात. पिंजऱ्याचे दार उघडताच ‘पुनर्वसन’ झाल्याच्या बातम्या आपल्याकडे छापल्या जातात, त्या वाचताना हा फरक खटकतो. त्सावोत तर रानात स्थिरावलेल्या काही हत्तिणी आपले नवे पिलू घेऊन जुन्या राखणदारांकडे येतात.

– एक वाचक, रत्नागिरी